फळा, शिळाप्रेस आणि ई-पेपर

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसं बरंचसं ठेवलंय. फक्त अडखळणं आणि मागून जाणाऱ्या ट्रॅक्टरचे आवाज काढून टाकलेत.)



आज मी घरूनच बोलतोय, म्हणजे धाडवरून. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, धाड बुलढाणा तालुक्यात येतं. बुलढाण्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलात की मध्ये आमचं गाव लागतं. इथे विदर्भ संपत आलेला असतो आणि मराठवाडा सुरू व्हायच्या बेतात असतो.

आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, आणि आजचा भागही इतिहासाचाच आहे. पण सुरुवात एका सर्किटपासून करणार आहे, कारण मला हा इतिहास त्या सर्किटमुळेच शोधावा लागला. गेल्या वर्षी मी एका ई-पेपर डिस्प्लेवर मराठी दाखवायचा प्रयत्न केला. दोन तासांचं काम वाटलं होतं, दोन महिने लागले. आणि मग कळलं की ज्या भिंतीला मी डोकं आपटतोय, तिथे आपली माणसं दोनशे वर्षांपूर्वीही डोकं आपटून गेली आहेत.

आबाजींचा फळा

आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाच्या बाहेर, पत्र्याच्या सावलीत, एक काळा फळा टांगलेला. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणतो, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यावर लिहायचे. वर तारीख आणि तिथी. खाली एक सुविचार. मग कामाचं: कुणाच्या घरी दहावा आहे, सोयाबीनला काय भाव निघाला, गल्लीला नळ कधी येणार. शेवटी कोपऱ्यात कुणाच्या हरवलेल्या शेळीची बातमी असायचीच.

व्हॉट्सॲपच्या जमान्यात हे कोण वाचतं, असं मलाही वाटायचं. पण गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांकडे साधे फोन आहेत. शेतातून येणारी माणसं सायकल थांबवून फळा वाचतात. आणि आबाजींचं अक्षर असं, की वाचता येत नसलेला माणूसही दोन मिनिटं बघत उभा राहील.

मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी काना वाकडा व्हायला लागला, मग ओळ. खडू हातातून पडायचा. एका सकाळी ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि काही न लिहिता आत आले. म्हणाले, "मले नाई जमत आता. फळा काढून टाक."

मी फळा काढला नाही. मी ई-पेपरचा डिस्प्ले मागवला.

ई-पेपर म्हणजे नक्की काय

किंडल पाहिलं असेल तुम्ही. मॉलमध्ये कपाटांवर किमतीच्या छोट्या पांढऱ्या पाट्या असतात, त्यातल्याही बऱ्याच ई-पेपरच्या असतात. तुमच्या मोबाइलची स्क्रीन स्वतः उजेड फेकते, म्हणून वऱ्हाडातल्या उन्हात तिच्यावर काही दिसत नाही. ई-पेपर उजेड फेकत नाही. कागदासारखाच पडलेला उजेड परत पाठवतो, त्यामुळे जितका उजेड जास्त तितकं ते छान दिसतं.

आत काय असतं? केसाच्या जाडीएवढे लाखो फुगे. प्रत्येक फुग्यात पारदर्शक तेलासारखा द्रव आणि त्यात दोन प्रकारचे कण: पांढरे आणि काळे. पांढऱ्यांवर एक विद्युतभार, काळ्यांवर उलटा. खालून एका बाजूचं व्होल्टेज दिलं की पांढरे वर येतात, उलटं दिलं की काळे वर येतात. आणि मुख्य गंमत म्हणजे व्होल्टेज काढून घेतलं तरी कण जिथे आहेत तिथेच थांबतात. चित्र बदलायला वीज लागते, टिकवायला लागत नाही. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल, विचार करा.

याचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत निक शेरिडन यांनी अर्धे काळे, अर्धे पांढरे असे बारीक मणी फिरवून चित्र उमटवायचा प्रयोग केला. त्याला जायरिकॉन म्हणतात. त्याच सुमाराला जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत इसाओ ओटा द्रवात तरंगणारे कण वापरत होते, पण हे कण कालांतराने एकमेकांना चिकटून गोळा व्हायचे. उपाय सापडला एमआयटीमध्ये. प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि बॅरेट कॉमिस्की, जे. डी. अल्बर्ट हे दोन विद्यार्थी. त्यांनी कणांना छोट्या छोट्या फुग्यांत कोंडलं, म्हणजे गोळा झाले तरी फुग्यापुरतेच. १९९७मध्ये ई-इंक कंपनी निघाली, १९९८मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला. कॉमिस्की आणि अल्बर्ट तेव्हा पदवीचं शिक्षण घेत होते, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे.

आणि भारतात? २००६च्या नोव्हेंबरमध्ये मोटोरोलाने मोटोफोन एफ३ नावाचा स्वस्त फोन भारतात आणला. त्याला ई-पेपरची स्क्रीन होती. किंडल येण्याच्या एक वर्ष आधी! पण त्या स्क्रीनवर चित्र येत नव्हतं. ठरलेल्या जागी ठरलेल्या पट्ट्या, जुन्या कॅल्क्युलेटरसारख्या. एका वेळी फार तर दोन ओळी, एका ओळीत सहा अक्षरं. जोडाक्षराला त्यात जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. अॅमेझॉनने किंडलवर मराठी पुस्तकं आणली ती २०१६च्या डिसेंबरमध्ये. पहिलं किंडल २००७चं. मधली नऊ वर्षं लक्षात ठेवा, त्यावर परत येतो.

वऱ्हाड लिहून दाखव!

तर माझा डिस्प्ले. ४.२ इंचांचा, आडवे ४०० ठिपके, उभे ३००. फळ्याच्या मानाने पोस्टकार्डापेक्षाही लहान, पण सुरुवात म्हणून ठीक. त्याला चालवायला मायक्रोकंट्रोलर लागतो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर. वॉशिंग मशीनमध्ये असतो, मोटर पंपाच्या ऑटो-स्टार्टरमध्येही असू शकतो.

माझ्याकडे कॉलेजच्या वेळचा आर्डुइनो उनो पडून होता. हिशोब मांडला. ४०० गुणिले ३०० म्हणजे १,२०,००० ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एक पूर्ण चित्र १५,००० बाइटचं. आणि उनोची चालू मेमरी किती? २,०४८ बाइट. एका चित्राच्या सातव्या हिश्श्यापेक्षाही कमी! तुकड्यातुकड्याने रंगवता येतं, पण मी सरळ ईएसपी३२ घेतला. त्यात ५२० केबी मेमरी आहे, वायफाय आहे, आणि काम नसताना तो गाढ झोपतो, तेव्हा वीज जवळपास खातच नाही. आठ तारा जोडल्या, इंटरनेटवरून मुक्त लायब्ररी घेतली, "HELLO"ला आपण हॅलो म्हणू, तो इंग्रजीत लिहिला. पडदा तीन-चार वेळा काळा-पांढरा झाला आणि अक्षरं उमटली. बॅटरीची वायर उपटली, तरी अक्षरं तिथेच. मी घरभर नाचलो.

आबाजींनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले, "इंग्रजीत कोण वाचते इथं? वऱ्हाड लिहून दाखव."

त्यांनी मुद्दाम अवघड शब्द दिला नव्हता. त्यांना तो सोपाच वाटत होता. मी देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट शोधून टाकला आणि पडद्यावर काय आलं असेल? व, मग नुसता ऱ, त्याच्या पायाशी लटकलेला हलंत, मग ह, एक सुटा काना, आणि ड. वऱ्हाडाचे सगळे अवयव हजर होते, पण वऱ्हाड नव्हतं. 'किराणा' लिहिलं तर वेलांटी क आणि रा यांच्यामध्ये कुठेतरी लोंबत होती.

असं का होतं ते एक मिनिट सांगतो, कारण सगळा भाग यावरच आहे. इंग्रजीत ए नंतर बी, बी नंतर सी. एकेक अक्षर घ्यायचं, शेजारी ठेवायचं, झालं. आपल्याकडे 'कि' लिहिताना कॉम्प्युटरच्या आत आधी क साठवलेला असतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण दाखवताना वेलांटी आधी काढावी लागते. 'क्ष' आतमध्ये क, हलंत, ष असा असतो आणि बाहेर एकच आकृती होते. 'वऱ्हाड'मधला तो पापणीसारखा र तर आपल्या मराठीची खास चीज. कुठलं अक्षर कुणाला भेटल्यावर कसं वळतं, हे नियम सांगणारा एक वेगळा प्रोग्राम लागतो. तुमच्या मोबाइलमध्ये तो असतो, म्हणून तुम्हाला कधी जाणवत नाही. माझ्या चिपवरच्या साध्या लायब्ररीत तो नव्हता. तिला सुटी अक्षरं ओळखता येत होती, त्यांची जोडणी येत नव्हती.

१८०५: एकाच वर्षी दोन रस्ते

अडकलो की मी वाचत बसतो. वाचता वाचता एका वर्षापाशी येऊन थांबलो: १८०५.

त्या वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण छापलं. देवनागरी खिळे ओतून. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. एकेक खिळा उचलायचा, ओळीत लावायचा, शाई फिरवायची, दाबायचं. म्हणजे माझ्या लायब्ररीचाच मार्ग: अक्षर घ्या, शेजारी ठेवा. पण देवनागरीला हे फार महाग पडतं. इंग्रजीला मोजके खिळे पुरतात, आपल्याला जोडाक्षरं आणि मात्रा धरून काही शेकडो लागतात.

आणि त्याच १८०५मध्ये आपल्याकडे मिरजेला भगवद्गीता छापली गेली. पूर्ण वेगळ्या रस्त्याने. गोष्ट अशी, की पुण्यात नाना फडणवीसांनी एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून घ्यायचं काम हाती घेतलं होतं. १८०० साली नाना गेले. मग तो कारागीर मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापून पूर्ण झाली. यात सुटी अक्षरं नव्हतीच. अख्खं पान पत्र्यावर उलटं कोरायचं, आरशातल्यासारखं. पत्र्याला 'क्ष' म्हणजे काय, वेलांटी आधी की नंतर, याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्या दृष्टीने ते एक चित्र.

हे वाचताना मी खुर्चीतून उठलोच. अरे, मला अक्षरं कशाला छापायचीत? मला चित्र छापायचंय!

पुढची पन्नास वर्षं पाहिली तर हेच परत परत दिसतं. १७९०च्या दशकात जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डरने दगडावरून छापायची कला शोधली. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, एवढंच तिचं तत्त्व. तेलकट शाईने दगडावर लिहायचं, दगड ओला करायचा, वर रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई बसत नाही, लिहिलेल्या जागीच बसते. १८२०च्या दशकात ही शिळाप्रेस मुंबईत आली आणि मराठीला जणू तिच्यासाठीच आल्यासारखी मानवली. खास कागदावर सुलट लिहून ते दगडावर उलटं उतरवताही यायचं. म्हणजे ज्याचं अक्षर सुंदर तो लेखनिक लिहिणार आणि त्याचंच अक्षर शेकडो प्रतींत जाणार. तुम्ही जुनी शिळाछाप पोथी हातात घ्या. ते छापील असतं, तरी कुणाचा तरी हात त्यात दिसतो. एखादी वेलांटी ओळ संपायला आली म्हणून आखडून घेतलेली असते.

गणपत कृष्णाजी हे नाव या गोष्टीत फार महत्त्वाचं. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात काम करता करता ते शिकले आणि स्वतःचा छापखाना काढला. १८३१मध्ये त्यांनी शिळाछापावर पंचांग काढलं. छापलेलं पंचांग घरात आणावं की नाही, असा तेव्हा लोकांना प्रश्न होता, कारण शाईत चरबी असते असा समज. असं सांगतात, की गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई बनवली. नवं तंत्र माणसांच्या घरात न्यायचं तर त्यांची शंका कशी ओळखावी लागते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि पुढे तेच गणपत कृष्णाजी स्वतः खिळे बनवायला लागले. १८६९मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, तिथले देवनागरी खिळे तर देशभर नावाजले गेले.

क्रम लक्षात आला का? आधी चित्र, मग अक्षर. नवं यंत्र येतं तेव्हा ते आपली लिपी ओळखत नाही. आपण चित्राच्या दारातून आत शिरतो, आणि मग आत राहून त्या यंत्राला आपली अक्षरं शिकवतो.

कॉम्प्युटरचंही तेच झालं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्र घ्या. इंग्रजीसाठी बनलेल्या पीसीत एक वेगळं कार्ड बसवायचं आणि ते कार्ड पडद्यावर भारतीय अक्षरं काढून द्यायचं. या कामात मोहन तांबे यांचं नाव मोठं. १९९१मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. मग र. कृ. जोशी, कवी आणि सुलेखनकार, यांनी विंडोजसाठी 'मंगल' हा फॉन्ट केला. आज तुम्ही अंगठ्याने 'वऱ्हाड' टाइप करता आणि तो नीट उमटतो, त्याच्या मागे एवढी माणसं उभी आहेत. मघाशी म्हटलेली किंडलची नऊ वर्षं याच रांगेतली.

माझी शिळाप्रेस

तर मी ठरवलं. आबाजींनी लिहायचं कागदावर, बसून, हाताला उशीचा आधार देऊन. ओळ वाकडी झाली तर झाली. घाई नाही, उभं राहणं नाही, खडू नाही. मी मोबाइलने फोटो काढायचा. फोटो ४०० बाय ३०० करायचा, आणि प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारायचा: तू अर्ध्यापेक्षा गडद आहेस का? असलास तर काळा, नसलास तर पांढरा. १५,००० बाइट तयार. वायफायवरून ईएसपी३२कडे पाठवले, त्याने डिस्प्लेकडे, आणि परत झोपला.

(माणसाचा फोटो असेल तर एवढ्याने भागत नाही, चेहरा नुसता काळा डाग होतो. तिथे एका ठिपक्याची चूक शेजारच्या ठिपक्यांत वाटून देतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ची पद्धत आहे. लांबून बघितलं की राखाडी रंग असल्याचा भास होतो, वर्तमानपत्रातल्या जुन्या फोटोंसारखा. अक्षराला मात्र हे लागत नाही.)

पहिलं चित्र आलं ते उलटं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. मी शून्य आणि एक यांची अदलाबदल केली होती. दुरुस्त करणार तेवढ्यात आबाजी म्हणाले, "राहू दे ना. फळा असाच तर दिसते." काळ्यावर पांढरी अक्षरं. मी ती चूक तशीच ठेवली.

दुसरी अडचण पण त्यांनीच ओळखली. दोन-तीन दिवसांनी कालच्या अक्षरांची पुसट सावली आजच्या अक्षरांमागे दिसायला लागली. इंग्रजीत याला चक्क भुताचं नाव आहे. कण पूर्ण जागचे हलत नाहीत, थोडे मागे रेंगाळतात. आबाजी म्हणाले, "ओलं फडकं नाई मारलं का?" बरोबर होतं त्यांचं! पटकन बदलायचं म्हणून मी अर्धवट रिफ्रेश वापरत होतो. ते म्हणजे कोरडं डस्टर. अधूनमधून पडदा पूर्ण काळा, पूर्ण पांढरा असा घुसळून काढावा लागतो, ते ओलं फडकं. आणि गंमत बघा, शिळाप्रेसचा दगडही परत वापरायचा तर घासून गुळगुळीत करावा लागायचा. नीट घासला नाही तर जुनं लिखाण नव्यात डोकवायचं.

एक सूचना, आमच्याकडच्या पोरांसाठी. हे पॅनेल बहुधा शून्य ते पन्नास अंशांसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात थेट उन्हात लावलंत तर गेलं. सावलीत लावा.

उद्या

आता या गोष्टीतला वाईट भाग. सांगायचा नव्हता, पण तो काढला तर बाकीचं खोटं होईल.

ऑक्टोबरचा महिना, सोयाबीन सोंगणीचे दिवस. आबाजींनी कागदावर लिहिलं: उद्या सकाळी नळ येईल. मी फोटो काढून लावला आणि दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेलो. मध्ये बॅटरी संपली. साधा फळा असता तर आबाजींनी पुसला असता. मोबाइल असता तर स्क्रीन काळी झाली असती आणि लोकांना कळलं असतं की हे बंद आहे. पण ई-पेपर! त्याला टिकवायला वीज लागत नाही ना. पाणी येऊन गेलं, तरी पडदा स्वच्छ, ठळक अक्षरांत सांगत राहिला: उद्या सकाळी नळ येईल.

शेजारच्या मावशी रोजमजुरीला जातात. त्यांनी संध्याकाळी ते वाचलं, दुसऱ्या दिवशी कामाला गेल्या नाहीत, भांडी मांडून नळाजवळ बसून राहिल्या. पाणी आलं नाही. सोंगणीच्या दिवसातली एक मजुरी बुडाली. मी परत आलो तेव्हा त्या भांडायला आल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आबाजीच्या अक्षरात लिवलं होतं बापू, म्हणून खरं वाटलं."

मला तोंड वर करायची सोय राहिली नाही. प्रत्येक दुकानात पाटी असते ना, आज रोख उद्या उधार? तिच्यातला उद्या कधीच येत नाही, आणि ते सगळ्यांना माहीत असतं म्हणून ती गंमत. मी माझ्या आजोबांच्या अक्षरात तशी पाटी लावली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री विचार केला. चूक बॅटरीची होती का? खरं तर ती माझ्या हुशारीतच होती. मी मशीनला चित्र दिलं होतं. चित्र म्हणजे १५,००० बाइट. त्यात 'उद्या' हा शब्द आहे हे त्याला कुठे माहीत? तांब्याच्या पत्र्यालाही कळत नव्हतं, दगडालाही नव्हतं. चित्रामुळे आपली लिपी सहीसलामत आत जाते, पण यंत्राला त्यातलं काही समजत नाही. म्हणून तर गणपत कृष्णाजी दगडावर थांबले नाहीत, खिळ्यांकडे गेले. म्हणून तर स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकात तुम्हाला शब्द शोधता येत नाही.

आबाजींना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फळ्यावर सगळ्यात आधी मी काय लिवत होतो?"

तारीख.

मी ती गाळली होती. मला वाटलं, तारीख काय, ती तर सगळ्यांच्या फोनमध्ये असते.

दहा खिळे

तारीख रोज बदलते, म्हणजे ती मशीननेच लिहायला हवी. आणि इथे नशीब बरं. आपल्या आकड्यांना जोडाक्षर नसतं, मात्रा नसते. शून्य ते नऊ, दहा आकृत्या, एकापुढे एक ठेवल्या की झालं. जे कॅरीच्या छापखान्याला शेकडो खिळ्यांनी करावं लागलं, ते मला दहांत जमणार होतं.

आबाजींनी एका दुपारी दहा आकडे लिहिले. अख्खी दुपार लागली. ५ तीनदा लिहिला, त्यांना त्याची शेपटी पटत नव्हती. ९ जुन्या वळणाचा काढला, शाळेत आता शिकवत नाहीत तसा. मी प्रत्येक आकडा २४ बाय ३२ ठिपक्यांत बसवला. एक आकडा ९६ बाइट, दहा मिळून ९६०. एवढा सगळा संच माझ्या त्या जुन्या उनोतसुद्धा बसला असता! आमच्या घरची टाइप फाउंड्री.

आता फळा असा चालतो. मजकूर आबाजींच्या हातचा, चित्र म्हणून. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ, त्यांच्याच आकड्यांत, पण ईएसपी३२ने जुळवलेली. सकाळी तो जागा होतो, वायफायवरून वेळ घेतो, आणि नवा मजकूर आला नसेल तर जुना पुसून टाकतो. आबाजी 'उद्या' लिहीत नाहीत, वार लिहितात.

आणि एक शेवटचं. मशीन दर वेळी उठल्यावर आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजतं. ते ठराविक पातळीच्या खाली गेलं, की उरलेल्या विजेत ते एकच काम करतं: पडदा पुसून एक वेगळं चित्र लावतं आणि झोपतं. कारण त्यानंतर जे पडद्यावर राहील ते राहूनच जाणार आहे. ते चित्रही आबाजींनीच लिहून ठेवलंय. दोनच शब्द आहेत: फळा बंद. खाली तारीख.

मावशींना ते सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "बंद पडला तं बंद हाये म्हनून सांगते ना आता?" म्हटलं, हो. "मंग ठीक हाये." आता त्या आधी तारीख वाचतात आणि मग खालचं.

तर मंडळी, हा होता आजचा भाग. तुमच्या गावात, चौकात, देवळाबाहेर, दुकानाच्या भिंतीवर असा कुणी रोज लिहिणारा माणूस असेल, तर त्याच्या फळ्याचा एक फोटो काढून ठेवा. आणि जमलं तर त्याच्याकडून शून्य ते नऊ हे दहा आकडे कागदावर लिहून घ्या. कधी लागतील सांगता येत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या, आणि काही लिहाल तर वर तारीख टाका.